दोन मलकापूर आणि पाच टक्क्यांची हमी

१/
महाराष्ट्रात मलकापूर नावाची एकाहून अधिक गावे आहेत. त्यांपैकी दोन गावे या धाग्याचा विषय आहेत. एक बुलढाणा जिल्ह्यातले, मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे, कापसाच्या मुलखातले. दुसरे कोल्हापूर जिल्ह्यातले, शाहूवाडी तालुक्यातले, विशाळगडाच्या वाटेवरचे. हे दुसरे माझे गाव. रेल्वेच्या अ‍ॅपवर ‘मलकापूर’ लिहिले की पहिले गाव समोर येते. माझे गाव त्या यादीत नाही, कारण तिथे आगगाडी कधी आलीच नाही. नाव एक आणि प्राक्तने दोन. हे का झाले, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. धागा लांब आहे, सावकाश वाचावा.

२/
आमच्या भागात या प्रश्नाचे उत्तर तयार असते : डोंगर आणि पाऊस. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचा मुलूख, चार महिने धो-धो पाऊस, मग उद्योग येणार कुठून आणि माणसे थांबणार कशी? हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलो. इतिहासाचा अभ्यास करू लागल्यावर ते मला पुरेसे वाटेना. डोंगर तर तीनशे वर्षांपूर्वीही तिथेच होता आणि तेव्हा त्याच डोंगरातून व्यापार वाहत होता. बदलला तो डोंगर नव्हे. बदलला तो पैशाचा मार्ग. नकाशावरची गावे नदी-पर्वत ठरवतात, असे भूगोलाचे पुस्तक सांगते. त्यांच्याइतकाच वाटा व्याजाच्या दराचा असतो, हे माझे म्हणणे आहे.

३/
प्रथम जुना नकाशा पाहू. घाटमाथ्यावरचे मलकापूर हे देश आणि कोकण यांच्या सांध्यावरचे गाव. इथून आंबा घाटाने साखरपा आणि पुढे रत्नागिरी. येळवण जुगाईवरून अणस्कुरा घाटाने पाचल आणि पुढे राजापूर. देशावरचे धान्य, गूळ, तंबाखू खाली उतरे. मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे चालत. घाट चढून आलेला तांडा विसावा घेई तिथे बाजार भरे आणि बाजार भरे तिथे गाव वाढे. घाटमाथ्यावरच्या बहुतेक पेठांची जन्मकथा हीच आहे.

४/
या वाटेच्या खालच्या टोकाला राजापूर होते. सतराव्या शतकाच्या मध्यात तिथे इंग्रजांची वखार होती. शिवचरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाला तिची गाठ पडते. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर मारा केला. शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटून विशाळगडाकडे गेले, ते याच शाहूवाडीच्या रानातून. पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, महाराजांनी राजापुरावर छापा घालून रेव्हिंग्टनला कैद केले.

५/
ही कथा आपण शौर्याच्या अंगाने वाचतो आणि तसे वाचणे योग्यच आहे. तिला दुसरेही एक अंग आहे. रेव्हिंग्टन कोणाचा चाकर होता? ज्या कंपनीचे भाग लंडनमध्ये विकत घेता येत होते, त्या कंपनीचा. आरंभीची ईस्ट इंडिया कंपनी एकेका सफरीपुरते किंवा ठरावीक मुदतीपुरते भांडवल गोळा करी आणि हिशेब मिटवून परत देई. १६५७ मध्ये तिने कायमचे संयुक्त भांडवल उभारले. म्हणजे पैसे गुंतवणाऱ्याने आपला भाग दुसऱ्याला विकला, तरी कंपनीकडचा पैसा कंपनीकडेच राहणार. डचांच्या कंपनीची स्थापना १६०२ ची. तिच्या भागांची खरेदी-विक्री अ‍ॅम्स्टरडॅममध्ये त्याआधीच रुळली होती.

६/
या वरवर रुक्ष दिसणाऱ्या बदलाने काय साधले? हजारो कोसांवरचा माणूस, ज्याने सह्याद्री कधी पाहिला नाही आणि पाहणारही नव्हता, तो राजापूरच्या मिरीत आणि कापडात भागीदार झाला. पन्हाळ्याच्या तटावर आदळलेल्या गोळ्यामागे एका महत्त्वाकांक्षी वखारवाल्याचा हिशेब होता. त्या वखारवाल्यामागे भागधारकांना नफा दाखवण्याची निकड होती. वित्तबाजार आमच्या डोंगरात आला तो असा, पवनखिंडीच्या वर्षी. तेव्हा मात्र तो पाहुणा होता. रस्ते त्याचे नव्हते, घाट त्याचे नव्हते आणि पैशाची जी व्यवस्था या वाटांवर चालत होती, तीही त्याची नव्हती.

७/
ती व्यवस्था होती हुंडीची. एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेला कागद, की अमुक रक्कम अमक्यास द्यावी. दर्शनी हुंडी दाखवताच पटवायची, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी. रोकड घेऊन घाट उतरण्याची जोखीम टळे. हुंडणावळ, म्हणजे हुंडीवरचा बट्टा, अंतर, हंगाम आणि वाटेतला धोका पाहून ठरे. या बाजाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे : तो विखुरलेला होता. पुण्यात पेढ्या होत्या, तशा कोल्हापुरात, राजापुरात होत्या. पैसा अनेक वाटांनी वाहत होता, म्हणून मालही अनेक घाटांनी वाहत होता. ही व्यवस्था फार मायाळू होती असे नाही. सावकारी पाश तेव्हाही होतेच. मात्र एकाच शहराकडे तोंड करून ती उभी नव्हती.

८/
१८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचा उठाव झाला. तो मोडल्यावर विशाळगडाची तटबंदी पाडण्यात आली आणि विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे गडावरून मलकापुरास आले. माझ्या गावाच्या इतिहासातील हा मोठा क्षण. पेठ तर होतीच, आता कचेरीही आली. त्या वेळी कोणी सांगितले असते की हे गाव पुढे मागे पडणार आहे, तर त्यावर विश्वास बसला नसता. तोपर्यंत लंडनमध्ये मात्र एका निराळ्या कागदाची तयारी सुरू झाली होती.

९/
तो कागद म्हणजे हमीचा करार. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. त्याचे सार असे : भागधारकांच्या भांडवलावर वर्षाला पाच टक्के व्याजाची हमी, जमीन फुकट आणि मार्ग ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. रेल्वेला नफा कमी पडला, तर फरक भरून निघणार हिंदुस्थानच्या महसुलातून. सोप्या भाषेत, नफा झाला तर भागधारकाचा, तोटा झाला तर इथल्या रयतेचा. मुंबई–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे आपल्याला पाठ असते. ती ज्या रुळांवर धावली, त्यांच्याखाली हा कागद अंथरलेला होता.

१०/
हे पैसे गुंतवणारे लोक कोण होते? मोठे धनिक होतेच, पण त्यांच्या जोडीला इंग्लंडातील पाद्री, विधवा, निवृत्त अधिकारी असे मध्यमवर्गीयही होते. सुरक्षित पाच टक्के त्यांना घरबसल्या हवे होते. १८४५ ते १८७५ या काळात सुमारे साडेनऊ कोटी पौंड अशा हमीच्या रेल्वेंत आले. हिंदुस्थान सरकारचे माजी वित्त सदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये संसदीय समितीपुढे स्पष्ट सांगितले की, व्याजाची हमी असल्यावर आपला पैसा हुगळीत फेकला जातो की त्याचे विटा-चुन्याचे बांधकाम होते, याची गुंतवणूकदाराला फिकीर नव्हती.

११/
आता सह्याद्रीकडे पाहा. कोकणातून देशावर चढणाऱ्या घाटवाटा कितीतरी. बोरघाट त्यांतील एक, थळ घाट दुसरा, आंबा आणि अणस्कुरा आणखी दोन. बोरघाट काही सोपा नव्हता. सुमारे १५ मैलांत १८३१ फूट चढण, २५ बोगदे, खंडाळ्याला गाडीचे तोंड फिरवावे लागे असा अवघड चढ. काम १८५६ मध्ये सुरू झाले. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने, तापाने, अपघातांनी हजारो दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरे करवून घेतले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला.

१२/
यावरून एकच गोष्ट निघते. डोंगर हा अडथळा असतो, पण किती मोठा अडथळा, हे त्याच्यावर किती पैसा लावायची तयारी आहे यावर ठरते. बोरघाटावर ती तयारी होती, कारण खाली मुंबईचे खोल बंदर होते, वर दख्खनचा कापूस होता आणि मँचेस्टरचे कारखानदार कित्येक वर्षे त्या कापसासाठी पार्लमेंटात दबाव आणत होते. १८४८ मध्येच जॉन ब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील कापसाच्या लागवडीवर संसदेची समिती बसली होती. आंबा घाटावर अशी तयारी कोणाची नव्हती. तिथल्या गुळाची आणि तांदळाची लंडनला गरज नव्हती.

१३/
याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तोवर ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश अमेरिकेतून येत असे. एप्रिल १८६१ नंतर दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि सारे डोळे मुंबईकडे वळले. भाव कित्येक पटींनी चढले. पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न पडला. जानेवारी १८६५ पर्यंत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि २० विमा कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० रुपयांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद या दलालाच्या शब्दावर बाजार डोलत होता.

१४/
एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांची देणी चुकती करण्याचा दिवस होता. त्या दिवशी मुंबईची दिवाळखोरी उघडी पडली. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. १८६४ मध्ये शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ झाली. असे वाटेल की फुगा फुटला आणि सारे पूर्ववत झाले. तसे होत नाही. कागद फाटतात, पण कागदाच्या जोरावर झालेले बांधकाम उभे राहते. किल्ल्याचा तट पाडला गेला होता, समुद्र हटवून जमीन काढली गेली होती, गोद्या आणि रूळ तयार झाले होते. प्रेमचंदांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही वेळ सांगतो.

१५/
आता दुसऱ्या मलकापुराकडे, वऱ्हाडात जाऊ. वऱ्हाड निजामाकडून कंपनीकडे आले ते १८५३ मध्ये, हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या देण्यापोटी. म्हणजे त्या मुलखाचे हस्तांतरच कर्जामुळे झाले. १८६५ मध्ये थळ घाट खुला झाला, १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोहोचले आणि वाटेत मलकापूर स्टेशन झाले. त्याच मार्गावरून खामगावसाठी फाटा काढण्यात आला. १८७० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्‌घाटनाला आले. एका तालुक्याच्या गावी, कापसाच्या बाजारासाठी, साऱ्या हिंदुस्थानचा सत्ताधीश! त्या गावाचे जगाच्या हिशेबातले मोल यावरून कळावे.

१६/
त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. आदल्या वर्षी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला होता. रूळ, तार, कालवा या तिन्हींची सांगड बसली आणि लिव्हरपूलचा दर वऱ्हाडच्या पेठेत कळू लागला. १८७५ मध्ये मुंबईत कापूस व्यापाऱ्यांचा संघ स्थापन झाला, त्याच वर्षी शेअर दलालांचाही. शेतात बोंड फुटायच्या आधी त्याचा सौदा होऊ लागला. वऱ्हाडचे मलकापूर जगाच्या नकाशावर आले ते असे.

१७/
इथे थांबून त्या मलकापूरचा हेवा करण्याचा मोह होतो. तो आवरावा. जोडले जाणे म्हणजे वर येणे नव्हे. ज्या तारेने तेजी आली त्याच तारेने मंदीही आली. १८६५ नंतर कापसाचे भाव उतरले, पण तेजीत वाढवलेला सारा आणि काढलेले कर्ज उतरले नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या आगीत या मंदीचाही इंधनाचा वाटा होता. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडात माणसे मेली, तेव्हा रूळ तिथे होतेच. विदर्भातील कापूस उत्पादकाचे आजचे दुःख तुम्हाला ठाऊक आहे. एक मलकापूर वगळले गेले, दुसरे जोडले गेले. किंमत दोघांनीही मोजली.

१८/
माझ्या मलकापुराचे वगळले जाणे मात्र गाजावाजा न होता घडले. १८८६ मध्ये कोल्हापूरचे गॅझेटिअर छापले गेले, तेव्हा व्यापाराचे वर्णन अजून घाटांच्या नावांनी होत होते. पुढे सदर्न मराठा रेल्वेचे रूळ मिरजेपर्यंत आले. त्या कंपनीच्या भांडवलालाही हमी होती. १८९१ मध्ये कोल्हापूर दरबाराच्या खर्चाने मिरज–कोल्हापूर फाटा झाला. आता कोल्हापूरचा गूळ पश्चिमेकडे घाट उतरण्याऐवजी पूर्वेकडे मिरजेला जाऊन, वळसा घेऊन मुंबईला पोहोचू लागला. समुद्र पश्चिमेला, माल पूर्वेला. नकाशावर हे विचित्र दिसते. जमाखर्चाच्या वहीत ते अगदी सरळ होते.

१९/
याला एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे नाही. राजापूरची खाडी गाळाने भरत गेली होती, मोठी गलबते जैतापूरलाच थांबत आणि आगबोटींना खोल पाणी लागे. मग दोष पैशाचा कसा? माझे उत्तर एवढेच, की त्याच शतकात मुंबईत सात बेटांमधला समुद्र भरून काढला गेला. जिथे भांडवल आले तिथे समुद्र हटला. जिथे आले नाही तिथे गाळही हटला नाही. निसर्गाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. पण निसर्गाशी कुठे झुंजायचे आणि कुठे त्याला शरण जायचे, ही निवड माणसांनी केली. ज्यांनी ती केली, ती माणसे आमच्या घाटात कधी आली नव्हती.

२०/
माल गेला त्या वाटेने मागाहून माणसे गेली. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. कापसाच्या व्यापारातला नफा पुढे अनेक गिरण्यांत मुरला. या गिरण्यांना हात पुरवले ते रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांनी. त्यांतही रत्नागिरीचा वाटा सर्वांत मोठा. म्हणजे ज्या घाटाच्या दोन्ही अंगांची पेठ ओसरली, त्याच घाटाच्या दोन्ही अंगांची माणसे गिरणगावात एकत्र आली. माझे आजोबा त्यांतले एक. साचेखात्यात कामाला, गावच्या मंडळाच्या खोलीत राहायला, खानावळीत जेवायला. महिन्याची मनीऑर्डर मलकापूरच्या टपाल कचेरीत येई.

२१/
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याचा रीतसर शेवट कधी झालाच नाही. आजोबा गावी परतले ते कायमचे. संपावर त्यांनी कोणाला दोष दिल्याचे मी ऐकले नाही. घड्याळात पाळीची वेळ झाली की उठून बसण्याची सवय मात्र त्यांची शेवटपर्यंत गेली नाही. त्यांनीच मला पहिल्यांदा सांगितले होते की आपल्याकडे डोंगर आणि पाऊस, दुसरे काय. त्यांच्या आयुष्याचे स्पष्टीकरण त्यांनी निसर्गावर सोपवले होते. मला ते सोपवायचे नाही. हा धागा लिहिण्याचे खरे कारण हेच आहे.

२२/
कारण पुढे काय झाले ते पाहा. गिरण्यांची जमीन होती सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे होणार होते : महापालिकेच्या मोकळ्या जागा, म्हाडाची घरे आणि मालकांचा भाग. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. आज परळ–लोअर परळमध्ये जिथे साचे खडखडत होते, तिथे वित्तसंस्थांची कार्यालये आहेत. वर्तुळ मोठे विलक्षण आहे : बाजाराच्या पैशाने गिरण्या उभारल्या, त्या गिरण्यांनी आमची माणसे बोलावली आणि शेवटी त्या जमिनीवर बाजार स्वतःच येऊन बसला.

२३/
मग यातून सुटका नाही काय? कोल्हापूरचाच इतिहास सांगतो की आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही गुळाची पेठ वसवली, १९०६ मध्ये कापड गिरणीचा पाया घातला, पुढे राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. हा पैसा लंडनच्या हमीवर अवलंबून नव्हता. स्वातंत्र्यानंतर सहकार आला. वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर कारखाना उभा केला. भागभांडवल हाच तो १६५७ चा शब्द. फरक इतकाच की इथे भागधारकाला आपला पैसा कुठे लागला, हे घराच्या ओसरीवरून दिसत होते. सहकारातही पुढे रोग शिरले, ते वर्तमानपत्रांत रोज वाचतो. तरी ही दोन उदाहरणे एक गोष्ट सिद्ध करतात : पैशाचा मार्ग वळवता येतो.

२४/
खुद्द बाजाराकडूनही वेगळे काम करवून घेता येते. कोकण रेल्वे घ्या. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले. केंद्र आणि चार राज्यांनी मूळ भांडवल घातले आणि बाकी बराचसा पैसा रोख्यांद्वारे बाजारातून उभा केला. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पूर्ण लांबीने खुला झाला. शंभर वर्षे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते सात-आठ वर्षांत झाले. डोंगर तेच, पाऊस तोच, गाळही तोच. बदलले होते ते एवढेच की कोणीतरी ठरवले होते, इथे पैसा लावायचा.

२५/
कोल्हापूरचे रूळ मात्र १८९१ मध्ये जिथे थांबले, तिथेच आजही थांबलेले आहेत. स्थानकाच्या नावातही ‘टर्मिनस’ आहे. कोल्हापूर–वैभववाडी मार्गाची घोषणा २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात झाली. अजून त्यावर गाडी धावलेली नाही. दरम्यान आमच्या गावावरून जाणारा रत्नागिरी–कोल्हापूर–सोलापूर महामार्ग चौपदरी होतो आहे. रुंद रस्ता गावाला जोडतो, तसा गावाला टाळून पुढेही जातो. तो आमच्या पेठेत थांबेल की नुसताच धावत जाईल, हे मी आणि माझ्या वयाची मुले रोज बोलतो, कारण आमच्यातील निम्मे आधीच पुण्या-मुंबईत आहेत आणि उरलेले जायचे की राहायचे ते ठरवत आहेत.

२६/
म्हणून इतिहासाच्या मित्रांना एक विनंती. पुढच्या वेळी एखादे गाव ‘मागास’ आहे असे वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. तिथून पूर्वी कोणता माल जात होता? तो कोणत्या साली आणि कोणत्या वाटेने जायचा थांबला? आणि त्या साली कुठल्या दुसऱ्या वाटेवरच्या पैशाला कोणी हमी दिली होती? गॅझेटिअर, रेल्वेचे अहवाल, गावच्या पेढीच्या जुन्या वह्या, आजी-आजोबांची मनीऑर्डरची पाने, सगळीकडे उत्तराचे तुकडे सापडतील. तुमच्या गावाचे तुकडे सापडले, तर खाली लिहा. मी वाचेन.